दोन गिनींचा अंक

'निबंधमाला' शिकवताना आपण बहुतेक सारे एकाच वाटेने जातो. आधी विष्णुशास्त्री चिपळूणकरांचा स्वभाषाभिमान, मग त्यांची शैली, तिच्यातला उपरोध, लांब वाक्यांचा डौल, मेकॉलेचा प्रभाव, आणि तास संपता संपता 'आमच्या देशाची स्थिती'. मालेत डॉक्टर जॉन्सनचे चरित्र आहे याचा उल्लेख करून आपण पुढे सरकतो. इंग्रजी वाङ्मयाचा संस्कार झालेल्या पिढीला जॉन्सन आवडणारच, त्यात विशेष ते काय, अशी आपली समजूत असते. दोन वर्षांपूर्वी एम. ए.च्या वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, 'सर, शास्त्रीबुवांनी नोकरी सोडल्यावर घर कशावर चालले?' मी काहीतरी मोघम उत्तर दिले. नंतर विचार करताना वाटले की जॉन्सन विष्णुशास्त्र्यांना इतका जवळचा का वाटावा, या प्रश्नाचा धागा त्या विद्यार्थिनीच्या प्रश्नात गुंतलेला असावा. जॉन्सनच्या चरित्रात लेखनाइतकाच पैसा आहे, आणि पैशाइतकेच बोलणे आहे. या तिन्ही गोष्टी एकमेकींपासून सोडवून पाहिल्या की त्यांतली एकही नीट कळत नाही.

जॉन्सनचा जन्म १७०९ सालचा, लिचफील्डच्या एका कर्जबाजारी पुस्तकविक्रेत्याच्या घरातला. १७२८ मध्ये तो ऑक्सफर्डच्या पेंब्रोक कॉलेजात दाखल झाला आणि सुमारे तेरा महिन्यांनी पैशाअभावी पदवी न घेताच परतला. विधवेशी लग्न, तिच्या पैशातून काढलेली शाळा, ती शाळा बुडणे, आणि १७३७ साली आपल्या डेव्हिड गॅरिक नावाच्या विद्यार्थ्यासह लंडनला प्रस्थान. विद्यार्थी पुढे रंगभूमीवर धनाढ्य झाला. गुरुजी एडवर्ड केव्हच्या 'जेंटलमन्स मॅगझिन'साठी पडेल ते लिहू लागले. संसदेत न बसता संसदेतली भाषणे लिहिणे हाही त्या कामाचाच भाग होता.

त्या काळच्या लंडनमध्ये लेखकाला जगण्याच्या वाटा तीनच होत्या. पहिली आश्रयदात्याची. एखाद्या उमरावाला ग्रंथ अर्पण करायचा आणि त्याच्या मर्जीची वाट पाहायची. दुसरी वर्गणीची, म्हणजे छापण्याआधीच ग्राहकांकडून पैसे गोळा करण्याची. ही वाट अलेक्झांडर पोपने राजमार्गासारखी वापरली. त्याच्या 'इलियड'चे सहा खंड १७१५ ते १७२० या काळात निघाले. खंडाला एक गिनी, अशी पाचशेंहून अधिक वर्गणीदारांकडून वर्गणी घेऊन त्याने सुमारे पाच हजार पौंड मिळवले आणि ट्विकनहॅमला टेम्सकाठी घर केले. पण त्यासाठी आधी पोप असावे लागते. उरली तिसरी वाट, पुस्तकविक्रेत्याची. तेव्हाचा पुस्तकविक्रेता हाच प्रकाशकही असे. तो हस्तलिखित एकरकमी विकत घेई आणि पुढचा नफा-तोटा सर्वस्वी त्याचा. १७१० च्या कायद्याने ग्रंथाचा हक्क प्रथम लेखकाचा मानला आणि त्याला चौदा वर्षांची, लेखक हयात असल्यास आणखी चौदा वर्षांची मुदत दिली. व्यवहारात मात्र लेखक तो हक्क पहिल्याच दिवशी विकून मोकळा होई, कारण घरभाडे चौदा वर्षे थांबत नसते.

१७३८ मध्ये 'लंडन' ही कविता विकताना जॉन्सनने दहा गिनी मागितल्या. दहाच का? पॉल व्हाइटहेड नावाच्या कवीला नुकत्याच दहा गिनी मिळाल्या होत्या आणि त्याच्यापेक्षा कमी घेणे जॉन्सनला मान्य नव्हते. स्वतंत्र व्यावसायिकाचे दर आजही बहुधा असेच ठरतात. कामाला किती तास लागले यापेक्षा शेजाऱ्याला किती मिळाले याचा हिशोब आधी होतो. अकरा वर्षांनी 'द व्हॅनिटी ऑफ ह्यूमन विशेस' या त्याहून कितीतरी थोर कवितेला पंधरा गिनी आल्या. प्रतिभेची वाढ आणि मोबदल्याची वाढ यांचा वेग एक नसतो, हे एवढ्या दोन आकड्यांवरूनही दिसते.

'द रँब्लर'ची कथा आकड्यांत मांडून पाहण्यासारखी आहे. २० मार्च १७५० रोजी पहिला अंक निघाला आणि १४ मार्च १७५२ पर्यंत, दर मंगळवारी आणि शनिवारी, एकूण २०८ अंक निघाले. प्रत्येक अंक म्हणजे एकच निबंध. चार-पाच अंकांचा अपवाद सोडला तर सारे एकट्या जॉन्सनचे. एकटाच लेखक, एकटाच संपादक, आणि वाचकांची म्हणून छापलेली पत्रेही बव्हंशी त्यानेच लिहिलेली. अंकाची किंमत दोन पेन्स, लेखकाला अंकामागे दोन गिनी, आणि खप पाचशेंच्या आत. आता हिशोब करू. पाचशे प्रती गेल्या असे धरले तरी अंकाची एकूण विक्री हजार पेन्स, म्हणजे चार पौंड तीन शिलिंग चार पेन्स. त्यातले दोन पौंड दोन शिलिंग लेखकाचे. म्हणजे विक्रीतला निम्मा पैसा लेखकाकडे जात होता आणि उरलेल्या निम्म्यात कागद, छपाई, विक्रेत्याचा वाटा! आज आपल्याकडचा कोणता प्रकाशक असा करार करील?

अर्थात केव्ह हा काही धर्मादाय संस्था चालवत नव्हता. सुट्या अंकांत त्याला फारसे सुटत नसणार, पण निबंध पुढे खंडांच्या रूपाने निघाले आणि त्यांच्या जॉन्सनच्या हयातीतच कितीतरी आवृत्त्या झाल्या. प्रांतोप्रांतीच्या वृत्तपत्रांनी ते निबंध उचलून छापले. पाचशे प्रती खपणाऱ्या अंकाचे वाचक त्याच्या अनेक पटींनी असावेत, असे म्हणायला जागा आहे. या फुकट वाचकांकडून जॉन्सनला छदामही मिळाला नाही, पण त्याचे नाव झाले ते मुख्यतः त्यांच्यामुळे. सर्व अंकांत जोरात खपला तो एकच, ९७वा, आणि तो लिहिला होता कादंबरीकार सॅम्युअल रिचर्डसनने, असे सांगतात. रोज घरचे जेवण रांधणाऱ्या बाईच्या घरी पाहुण्याने केलेल्या एका पदार्थाची वाहवा व्हावी, तसे हे झाले.

दोन वर्षांचे दोन गिनींप्रमाणे ४१६ गिनी होतात, म्हणजे वर्षाला दोनशे पौंडांहून थोडे अधिक. हे उत्पन्न वाईट नव्हे. पण त्याची अट अशी की दर मंगळवारी आणि दर शनिवारी निबंध तयार हवा. मन उदास असो, घरात आजारपण असो, छापखान्याचा पोऱ्या दाराशी उभा. बॉस्वेलच्या सांगण्याप्रमाणे यांतले कित्येक निबंध घाईत, छपाईच्या तोंडावर लिहिले गेले. छापण्यापूर्वी पुन्हा वाचूनही पाहिलेले नव्हते. शेवटचा अंक निघाल्यानंतर तीनच दिवसांनी जॉन्सनची पत्नी वारली. पहिले काही अंक वाचून तिने आपल्या नवऱ्याकडून एवढ्या चांगल्या लेखनाची आपल्यालाही अपेक्षा नव्हती अशा अर्थाचे काही म्हटले होते. जॉन्सनला ते आयुष्यभर आठवत राहिले.

याच काळात कोशाचे काम चालू होते. १७४६ मध्ये पुस्तकविक्रेत्यांच्या एका गटाने त्याच्याशी पंधराशे गिनींचा, म्हणजे १५७५ पौंडांचा करार केला. रक्कम मोठी दिसते. काम तीन वर्षांत पुरे करण्याचा जॉन्सनचा इरादा होता, लागली जवळजवळ नऊ. नऊंनी भागले तर वर्षाला १७५ पौंड पडतात, आणि त्यांतूनच गफ स्क्वेअरच्या माळ्यावर बसणाऱ्या सहा लेखनिकांचे पगार द्यायचे. एकरकमी ठेक्याचा हा जुनाच फास आहे. कामाचा अंदाज चुकला की चुकीची किंमत ठेकेदार देतो, काम देणारा नव्हे. १५ एप्रिल १७५५ रोजी दोन प्रचंड खंड बाहेर पडले, चाळीस हजारांहून अधिक शब्दांचे. किंमत साडेचार पौंड. करारातली रक्कम तोवर खर्च होऊन गेलेली होती. पुढल्याच वर्षी, मार्च १७५६ मध्ये, इंग्रजी भाषेच्या या कोशकाराला पाच पौंड अठरा शिलिंगांच्या देण्यासाठी अटक झाली. त्याने रिचर्डसनला चिठ्ठी लिहिली आणि रिचर्डसनने सहा गिनी पाठवल्या. ९७व्या अंकाचा पाहुणा असा पुन्हा उपयोगी पडला.

लॉर्ड चेस्टरफील्डला लिहिलेले ७ फेब्रुवारी १७५५ चे पत्र या पार्श्वभूमीवर वाचावे. कोशाचा आराखडा १७४७ मध्ये याच उमरावाला उद्देशून लिहिलेला होता. त्यानंतर सात वर्षे त्याने ढुंकून पाहिले नाही. कोश निघण्याच्या सुमारास मात्र त्याने एका नियतकालिकात कोशाची स्तुती करणारे दोन लेख लिहिले. जॉन्सनने त्याचा आश्रय नम्र शब्दांत आणि निर्दयपणे नाकारला. हे पत्र म्हणजे लेखकाच्या स्वातंत्र्याची सनद असे आपण वर्गात सांगतो आणि ते खरेच आहे. पण ते लिहिणाऱ्याच्या पाठीशी पुस्तकविक्रेत्यांचा करार होता, हे सांगायला आपण विसरतो. आश्रयदात्याला नकार देण्याचे बळ बाजाराने दिले, आणि त्याच बाजाराने वर्षभरात अटकेपर्यंत आणून सोडले.

१७५९ मध्ये आई वारली. तिच्या उत्तरक्रियेचा खर्च आणि मागे राहिलेली लहानसहान देणी भागवण्यासाठी जॉन्सनने एका आठवड्याच्या संध्याकाळी बसून 'रासेलस' लिहिली. शंभर पौंड मिळाले, दुसऱ्या आवृत्तीला आणखी पंचवीस. हीच 'रासेलस' पुढे पुण्यात आली. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी तिचे भाषांतर सुरू केले आणि विष्णुशास्त्र्यांनी ते पुरे केले. सुखाचा शोध घेत फिरणाऱ्या राजपुत्राची ती कथा मराठी वाचकाने तत्त्वचिंतन म्हणून वाचली. तिच्यामागे एका मुलाचे देणे होते, हे कथेत कोठेच दिसत नाही, आणि दिसू नये हेच बरे.

१७६२ मध्ये राजाने जॉन्सनला वर्षाला तीनशे पौंडांचे वेतन देऊ केले. पंचाईत अशी की त्याने आपल्याच कोशात 'पेन्शन' या शब्दाचा अर्थ देशद्रोहाबद्दल सरकारी चाकराला मिळणारा पगार अशा थाटाचा दिला होता. त्याने चित्रकार जोशुआ रेनल्ड्सचा सल्ला घेतला. ही रक्कम पुढे काही करावे म्हणून नव्हे, आजवर केले त्याबद्दल आहे, असे लॉर्ड ब्यूटने त्याला सांगितले. जॉन्सनने वेतन घेतले. टीकाकारांनी त्याची व्याख्या त्याच्याच तोंडावर फेकली, यात नवल नाही. १७७० नंतर त्याने सरकारच्या बाजूने राजकीय पत्रके लिहिली, त्यांतले एक अमेरिकन वसाहतींच्या विरोधातले होते. ती मते त्याची मूळचीच होती, पैशासाठी बदललेली नव्हती, असे मला वाटते. तरीही चेस्टरफील्डच्या पत्राशेजारी ही पत्रके ठेवली की मन थोडे खट्टू होते.

वेतनाने एक मोठी गोष्ट घडवली. जॉन्सनचा वेळ मोकळा केला आणि तो वेळ त्याने बोलण्यात घालवला. लंडनमध्ये बोलण्याच्या जागा शतकाच्या आरंभापासून तयार होत्या. कॉफीगृहात पेनीभर पैसे टाकले की वर्तमानपत्रे वाचायला मिळत, पत्रे त्या पत्त्यावर येत, माणसे भेटत, कामे मिळत. लॉइडच्या कॉफीगृहात जहाजांचे विमे उतरवले जात, तर चॅप्टर कॉफीगृहात पुस्तकविक्रेते आपसांत ग्रंथांचे व्यवहार करीत. जॉन्सन आणि बॉस्वेल १६ मे १७६३ रोजी प्रथम भेटले तेही टॉम डेव्हिस या पुस्तकविक्रेत्याच्या दुकानामागच्या खोलीत. १७६४ मध्ये रेनल्ड्स आणि जॉन्सन यांनी 'क्लब' काढला. जेरार्ड स्ट्रीटवरच्या टर्क्स हेड या खाणावळीत आठवड्यातून एकदा संध्याकाळी बसायचे. बर्क, गोल्डस्मिथ, बोक्लर्क, लँग्टन, पुढे गॅरिक, आणि १७७३ पासून बॉस्वेलही.

या गप्पांना वाङ्मयीन विलास समजणे चुकीचे ठरेल. ज्यांना कार्यालय नाही, वरिष्ठ नाही, महिनाअखेरीचा पगार नाही, अशा माणसांचे ते कार्यालयच होते. कोण किती देतो, कोण बुडवतो, कोणाला मदतीची निकड आहे हे तिथेच कळे. गोल्डस्मिथची हकिकत सर्वांना ठाऊक आहे. भाडे थकले म्हणून घरमालकिणीने त्याला अटकेत अडकवले, त्याने जॉन्सनला निरोप धाडला, जॉन्सनने हाताशी असलेली गिनी लगेच पाठवली आणि मागोमाग स्वतः गेला. पाहतो तो गिनी मोडून मदिरेची बाटली आलेली. जॉन्सनने बाटलीला बूच लावले, घरात विकण्यासारखे काय आहे विचारले, एका कादंबरीचे हस्तलिखित उचलले आणि साठ पौंडांना विकून आणले. ती 'द व्हिकर ऑफ वेकफील्ड'. पुस्तकविक्रेत्याने ती १७६६ पर्यंत छापलीही नाही. मला या हकिकतीत बाटलीपेक्षा बूच महत्त्वाचे वाटते. उपदेश न करता आधी बूच लावणारा आणि मग विक्रीला बाहेर पडणारा मित्र हाच त्या काळातल्या लेखकाचा विमा होता. गोल्डस्मिथ १७७४ मध्ये वारला तेव्हा त्याच्यावर सुमारे दोन हजार पौंडांचे कर्ज होते, तेव्हा हा विमा सगळ्या नुकसानाला पुरणारा नव्हता हेही खरे.

पैशाच्या बाबतीत जॉन्सन स्वतः मात्र फारसा हिशोबी नव्हता. शेक्सपिअरच्या आवृत्तीसाठी त्याने १७५६ मध्ये वर्गणी गोळा करायला घेतली आणि आवृत्ती निघाली १७६५ मध्ये. वर्गणीदारांची यादी का छापली नाही याची त्याने दोन कारणे सांगितली: नावे हरवली आहेत आणि पैसे खर्च झाले आहेत. १७७७ च्या ईस्टरच्या आदल्या दिवशी तीन पुस्तकविक्रेते त्याच्या घरी आले. इंग्रजी कवींच्या संग्रहासाठी छोटी चरित्रे हवी होती. १७७४ मध्ये उमरावांच्या सभागृहाने ग्रंथस्वामित्व कायमचे नसते असा निर्णय दिला होता. जुन्या कवींची पुस्तके आता कोणीही छापू शकत होता आणि स्वस्त आवृत्त्यांची स्पर्धा सुरू झाली होती. आपली आवृत्ती वेगळी ठरावी म्हणून त्यांना जॉन्सनचे नाव हवे होते. मोबदला तुम्हीच सांगा म्हणाले. जॉन्सनने दोनशे गिनी सांगितल्या. हजार किंवा पंधराशे मागितल्या असत्या तरी त्यांनी खुशीने दिल्या असत्या, असे मॅलोनने पुढे नोंदवले आहे. पुस्तकविक्रेत्यांनी नंतर आपण होऊन आणखी शंभर दिल्या. पैशाखेरीज दुसऱ्या कशासाठी लिहिणारा माणूस मूर्ख, असे ठासून सांगणाऱ्या या गृहस्थाचा स्वतःचा व्यवहार हा असा. 'लाइव्ह्ज ऑफ द पोएट्स' ठरल्यापेक्षा कितीतरी मोठी झाली आणि वाढलेल्या पानांचा मोबदला त्याने कधी मागितला नाही.

आपल्याकडे या व्यवहाराला 'मानधन' म्हणतात. मान आधी, धन मागाहून. मान दिला की धनाची चौकशी करणे असभ्य ठरते, ही सोय त्या शब्दातच करून ठेवलेली आहे.

आता पुणे. मराठी ग्रंथकाराला एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर आश्रय होता तो सरकारचा. पेशव्यांच्या रमण्यातल्या दक्षिणेचे रूपांतर होत होत १८५१ मध्ये दक्षिणा प्राइझ कमिटी निघाली आणि मराठी ग्रंथांना बक्षिसे मिळू लागली. 'शालापत्रक' शिक्षणखात्याच्या आश्रयाने चाले. ते आधी कृष्णशास्त्र्यांकडे आणि मग विष्णुशास्त्र्यांकडे होते. त्यातल्या लेखनाने वरिष्ठांची मर्जी खप्पा झाली आणि १८७५ मध्ये ते बंद पडले. 'निबंधमाला' त्याआधीच, १८७४ च्या जानेवारीत सुरू झाली होती. एकहाती मासिक, एकूण ८४ अंक, जवळजवळ सारा मजकूर एकाचाच. 'रँब्लर'शी असलेले हे साम्य योगायोगाचे नसावे. जॉन्सनचे चरित्र लिहिणाऱ्याला, एकट्या माणसाने एका नियतकालिकावर उभे राहता येते, याचा नमुना समोर दिसत होता.

पण सुरुवातीची पाच वर्षे मालाकार सरकारी शाळेत शिक्षक होते. माला पगाराच्या आधारावर निघाली, बाजाराच्या नव्हे. रत्नागिरीला बदली झाल्यावर १८७९ मध्ये त्यांनी राजीनामा दिला, आणि मग त्यांनी जे केले ते जॉन्सनने कधी केले नव्हते. जॉन्सन आयुष्यभर हस्तलिखिते विकत राहिला. छापखाना, दुकान, हक्क सारे दुसऱ्यांचे. विष्णुशास्त्र्यांनी उत्पादनाची साधनेच हाती घ्यायला सुरुवात केली. 'चित्रशाळा' आधीच १८७८ मध्ये निघाली होती, त्यात छापलेली देवादिकांची आणि ऐतिहासिक पुरुषांची चित्रे घरोघर गेली. जोडीला 'किताबखाना' हे पुस्तकांचे दुकान. १८८० च्या १ जानेवारीला न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ च्या आरंभी 'केसरी' आणि 'मराठा', आणि त्यांच्यासाठी आर्यभूषण छापखाना. शाळा, छापखाना, चित्रे, दुकान, पत्रे: एकाचा तोटा दुसऱ्याने सोसावा अशी ही रचना दिसते. त्या विद्यार्थिनीला मी द्यायला हवे होते ते उत्तर हे.

आणि याच पुण्यात, त्याच वर्षांत, सरकारच्या आश्रयावाचून आणि बाजाराच्या पाठबळावाचून लिहिणारा आणखी एक माणूस होता. जोतीराव फुले बांधकामाची कंत्राटे घेत. खडकवासल्याच्या धरणाच्या कामाला त्यांनी माल पुरवला होता. 'गुलामगिरी' १८७३ मध्ये, म्हणजे मालेच्या आदल्या वर्षी निघाली. लेखकाचे पोट लेखनावर नसले की लेखन कोणाच्या मर्जीवर राहत नाही, हे सूत्र जोतीरावांनी विष्णुशास्त्र्यांच्या राजीनाम्याच्या कितीतरी आधी अंगीकारले होते. मालेने या लेखकाची जी संभावना केली, त्याच्या व्याकरणाची आणि शब्दांची जी टवाळी केली, ती आज वाचताना मालेविषयीचा आदर थबकतो. जॉन्सनच्या ग्रब स्ट्रीटवरच्या कंगाल दिवसांविषयी ज्याच्या मनात इतकी कणव, त्याला आपल्याच गावातला, स्वतःच्या कमाईवर उभा राहून लिहिणारा ग्रंथकार ओळखता आला नाही. शुद्धलेखनाच्या आड जात बसलेली होती. जॉन्सनच्या 'क्लब'मध्ये पुस्तकविक्रेत्याचा मुलगा आणि उमरावांचे आप्त एका मेजाशी बसले, इथल्या बैठकीत ते घडले नाही. दोघांनी कधी एका जागी बसून छपाईच्या दरांविषयी जरी बोलणे केले असते तरी मराठी गद्याचा इतिहास काही वेगळा झाला असता का, असे मनात येऊन जाते.

१७ मार्च १८८२ रोजी विष्णुशास्त्री वारले, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी. या वयात जॉन्सन 'जेंटलमन्स मॅगझिन'साठी न ऐकलेली भाषणे लिहीत होता. 'रँब्लर' अजून आठ-नऊ वर्षे दूर होता. आर्यभूषणची यंत्रे चालू राहिली, आणि 'केसरी' पुढच्या मंगळवारी निघाला.